वापरणारे नगण्य

३ जानेवारी

चि. खुडबुडी,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी नव्याने लिहायला नकोत. खुशाली फोनवर आणि भांडण पत्रात, हा नियम तू त्या कंपनीत लागलीस तेव्हा आपण दोघांनी ठरवला. तेव्हा पाकीट जाड लागलं की काय समजायचं ते तू समजतेसच.

तुमच्या कंपनीचा नवा फोन काल माझ्या दुकानात आला. गिऱ्हाइकाने घेऊन चार दिवस झाले होते आणि काच तडकली होती. भिंग लावून अर्धा तास बघितलं, उघडायचा कुठून तेच कळेना. स्क्रू नाही, खाच नाही, चहूबाजूंनी डिंक. तीस वर्षं मी वस्तू उघडतोय. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आता हे फोन. वस्तू उघडताच येऊ नये म्हणून इतकी अक्कल खर्च केलेली मी पहिल्यांदा बघितली. आणि तुमचा तो बिनबाह्यांच्या जाकिटातला साहेब मंचावर फिरत फिरत सांगतो काय, तर म्हणे आम्ही तुमचं आयुष्य सोपं केलं! कोणाचं केलं? ते गिऱ्हाईक बिचारं काचेवर सेलोटेप लावून घरी गेलं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या कंपनीला शिव्या देत नाही, आणि ती बाब म्हणजे तुझ्या मामीची पट्टी. सहा वर्षांपूर्वी तापात तिचे कान गेले, डॉक्टरांनी हात टेकले. मग हा तुमचा फोन तिच्या शिलाई मशीनवर उभा करून ठेवला आणि समोरच्याचं बोलणं पडद्यावर खाली एका पट्टीत उमटायला लागलं. तेही आपल्या भाषेत आणि नेट नसताना. तुमच्यात त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, मामी नुसतं ‘पट्टी’ म्हणते. गिऱ्हाईक बोलतं, ती वाचते आणि तोंडाने उत्तर देते. नव्या माणसाच्या लक्षातही येत नाही की हिला ऐकू येत नाही. काल एक बाई पडद्यांचं माप चुकीचं घेऊन आली आणि वर मामीशी वाद घालायला लागली. मामीने तिला असं काही झापलं की मी हातातलं काम ठेवून ऐकत बसलो.

हल्ली तिच्या फोनवर रोज सूचना येते. नवी आवृत्ती घ्या, नवी आवृत्ती घ्या. मी तिला बजावलंय, हात लावायचा नाही. चालत्या वस्तूची खोडी काढू नये, एवढं मला तीस वर्षांत कळलंय. तुमच्या कंपनीला कधी कळणार?

तुझा मामा


२१ जानेवारी

मामा,

नमस्कार. तुमचं पत्र मी ऑफिसच्या जेवणघरात वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्याने विचारलं, कोणाचा मेसेज? मी कागद दाखवला तर तो हात लावून बघायला लागला. इथे आमच्या मजल्यावर कागद नाहीच. भिंतींवर लिहायचं आणि संध्याकाळी पुसायचं.

बातमी अशी की मला बढती मिळाली. नव्या गटाला सगळे ‘सफाई’ म्हणतात. हातात झाडू नाही, घाबरू नका. फोनमध्ये वर्षानुवर्षं साचलेल्या आणि कुणी वापरत नसलेल्या गोष्टी हुडकायच्या आणि काढून टाकायच्या. या आवृत्तीतून आम्ही एकतीस गोष्टी काढल्या. फोन हलका झाला, बॅटरी जास्त चालते, आणि नव्या गोष्टींना जागा झाली. तुम्ही दुकानात सतराशे साठ डबे भरून ठेवता, कधीतरी लागेल म्हणून. मामी ओरडते तरी एकही फेकत नाही. तुम्हाला आमच्या गटात चहा द्यायलासुद्धा ठेवणार नाहीत.

आणि आम्ही मनाला येईल ते काढत नाही. किती लोक वापरतात तो आकडा समोर असतो. आकडा कोणाची भीड बाळगत नाही, म्हणून तर मला हे काम आवडतं. लहानपणी तुमच्या टेबलावर बसून मी ऐकायचे, तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा की कंपन्या मूर्ख असतात. मामा, इथे कोणी मूर्ख नाही. तुम्हाला राग येईल, पण इथली माणसं खरंच हुशार आहेत.

नवी आवृत्ती मामीच्या फोनवर जरूर घ्या. सुरक्षेसाठी लागते, नाहीतर उद्या कुणीतरी तिचा फोन लुबाडेल. मी मामीसाठी आमचा नवा फोन पाठवतेय, महिनाभरात पोचेल. तिला सांगा, खुडबुडीने पहिल्या वाढीव पगारातून घेतलाय. जुना फोन मग तुम्ही उघडून बसा खुशाल.

खुडबुडी


११ फेब्रुवारी

खुडबुडी,

आशीर्वाद आज नाहीत.

मी सुटे भाग आणायला गेलो होतो. मामीने तुझं पत्र वाचलं होतं. “खुडबुडीने सांगितलंय ना, मग घेऊ या,” म्हणून तिने स्वतःच्या हाताने बटण दाबलं. मी परत आलो तर ती फोन उलटसुलट करून बघत होती. पट्टी गेली होती. सेटिंगमध्ये नाव नाही, खूण नाही, कधी होती याचा पुरावा नाही. तुमची ती सफाई.

मी जुनी आवृत्ती परत चढवायला बसलो. दोन दिवस दुकान बंद ठेवलं. फोन घेतच नाही. मी विकत घेतलेला फोन, माझ्या टेबलावर, आणि तो मला सांगतो की मागे जायची परवानगी नाही! तुझा नवा फोन आला, त्यात बघितलं. चाळीस भाषांची यादी आहे. आपली नाही. ‘पुढच्या टप्प्यात’ म्हणे. डबा परत बंद करून कपाटावर टाकलाय.

आता मामीचं ऐक. शाळेच्या गणवेशांचं काम होतं, चाळीस शर्ट. शाळेचा कारकून दारात उभा राहून भराभरा बोलला आणि गेला. पूर्वी तिने त्याला थांबवून दहा प्रश्न विचारले असते. आता तिने मान हलवली. शर्टाला दोन खिसे हवे होते, तिने एक लावला. चाळीसच्या चाळीस. तो कारकून आला तेव्हा काय काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही, हे एक बरं झालं. तेव्हापासून ती सगळ्यालाच मान हलवते आणि हसते. मला ते हसू बघवत नाही. काम मीच घेतो आता, गिऱ्हाईक माझ्याशी बोलतं, मी तिला चिठ्ठी लिहून देतो.

तुमच्या मदत-केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग एक पोरगी म्हणाली, सर, या सुविधेचे वापरणारे नगण्य होते. नगण्य! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आपल्या गावात पत्र्याचा कारखाना आहे हे तुमच्या त्या हुशार माणसांना माहीत आहे का? प्रेसवर तीस तीस वर्षं काढलेली माणसं आहेत इथे, निम्म्यांचे कान गेलेत. त्यांच्या फोनवर पट्टी मी चालू करून दिली, माझ्या हाताने. वहीत चारशे सहा नावं आहेत. ये आणि मोज.

अर्थात तुम्ही मोजणार कसे? ‘वापराची माहिती कंपनीला पाठवा’ म्हणून जी चहाडी तुम्ही प्रत्येक फोनमध्ये घालून ठेवलीय, ती मी सगळ्यात आधी बंद करतो. सहा वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेला एकही फोन तुमच्याकडे चुगली करत नाही. मामीचा तर पहिला. आमची माणसं काय दाबतात न काय बघतात, त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तेवढी अब्रू आम्ही राखून आहोत.

तू त्या गटात आहेस. ती पट्टी कोणी काढली ते शोध आणि त्याला माझ्यातर्फे सांग की तुझे कान शाबूत आहेत म्हणून तुला सुचलं. आणि पट्टी परत आण. दुसरं काही मागत नाही.

मामा


१ मार्च

मामा,

कोणी काढली ते शोधायची गरज नाही. मी काढली.

एकतीसच्या यादीत ती सतरावी होती. एका खोलीत आम्ही सात जण होतो. नियम असा की एखाद्या भाषेत पाचशेपेक्षा कमी वापरणारे असतील तर ती सुविधा त्या भाषेत बंद. आपल्या भाषेसमोर आकडा होता दोनशे बारा. साहेबाने विचारलं, कोणाची हरकत? मला मामी दिसली, मशीनपाशी बसलेली. मला माहीत होतं की एक तरी माणूस आहे जे याच्यावर जगतं. पण सगळे घाईत होते, आणि मी बढतीनंतर पहिल्यांदाच त्या खोलीत बसले होते. साहेब म्हणाला, नव्या फोनमध्ये हेच आणखी चांगलं येणार आहे, सगळ्या भाषांत. मला वाटलं, मग मामीला नवा फोनच पाठवू. मी ‘काढा’साठी हात वर केला. महिनाभराने आपली भाषा ‘पुढच्या टप्प्यात’ गेली. तोवर तुम्हाला पत्र टाकून झालं होतं, आणि मी ते तुम्हाला कळवलं नाही. मला लाज वाटली.

आता तुमचं. मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन, पण हे आधी वाचा. तुमच्या वहीत चारशे सहा नावं आहेत. दोनशे बारा अधिक चारशे सहा. करा बेरीज. तुम्ही ज्याला चहाडी म्हणता ना, ती चालू असती तर हा आकडा पाचशेच्या वर गेला असता आणि ती सुविधा कोणाच्या यादीत आलीच नसती. तुम्ही चारशे माणसांना आमच्यापासून लपवलंत, आणि आम्हाला खरंच वाटलं की ती नाहीत. सहा वर्षं तुम्ही त्या बटणाची शेखी मिरवलीत. त्यातल्या एकाला तरी विचारलं होतं का, बंद करू का म्हणून? मामीला विचारलं होतं?

असो. एक वाट आहे. एकतीस मार्चला काढलेल्या गोष्टींचा फेरविचार होतो. ज्यांनी नवी आवृत्ती घेतलेली नाही त्यांच्या फोनमध्ये पट्टी अजून आहे. त्यांचं ते बटण चालू केलंत आणि आकडा पाचशे भरला, तर मी विषय काढू शकते. माझ्या शब्दाला इथे काडीची किंमत नाही, आकड्याला आहे. आधीचे दोनशे बारा मोजलेलेच राहतात, वर दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसं हवीत.

खुडबुडी


२२ मार्च

खुडबुडी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायला बसलो होतो, चार पानं लिहिली आणि फाडली. त्यात तुझ्याबद्दल जे होतं ते खरं होतं. माझ्याबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून फाडली.

मग वही काढली आणि सायकल काढली. या वयात दारोदार फिरणं काय असतं ते तुमच्या हुशार माणसांना कळायचं नाही. चारशे सहापैकी एकतीस वारले. एकोणीस गाव सोडून गेले. चव्वेचाळीस जणांनी आधीच ती आवृत्ती घेतली होती, पट्टी गेली म्हणून गप्प घरात बसले होते. त्यांना वाटलं आपल्याच हातून काही बिघडलं. मला सांगायलासुद्धा कोणी आलं नाही. राहिले तीनशे बारा.

कारखान्यातला जुना फोरमन तुला आठवतो ना, मोठ्या मिशांचा? त्याच्या घरी गेलो. म्हटलं, फोन दे, ते बटण चालू करायचंय. त्याने पट्टीवर वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडला, “कंपनी चोर आहे म्हणून सहा वर्षं माझं डोकं खाल्लंस, आणि आता तूच चोराला किल्ली द्यायला आलास?” वरच्या मजल्यावरून लोक बघायला लागले. मी म्हटलं, चुकलो. त्याने वाचलं आणि म्हणाला, परत म्हण. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं मेल्याने, आणि मग फोन दिला.

नऊ जणांनी साफ नकार दिला. त्यांना मी इतकं पढवून ठेवलंय की आता माझंच ऐकेनात. उरलेल्या तीनशे तीन जणांचं चालू केलं. दोनशे बारा आणि तीनशे तीन, पाचशे पंधरा. घे तुझा आकडा.

मामी तुझ्यावर फार चिडलीय. तुझं पत्र मशीनवर राहिलं होतं, ते तिने वाचलं. तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाही, इतका तिला तुझा राग आलाय. चिठ्ठी लिहून दिली की वाचते, आणि फाडून चिंध्यांत टाकते. दुकानाचं मी बघतोय, त्याची काळजी नको.

मामा


९ एप्रिल

मामा,

आकडा दिसला. पाचशे पंधरा.

मी बरीच तयारी करून गेले होते. एक शब्द बोलावा लागला नाही. साहेबाने आकडा बघितला आणि खुर्चीतून उठलाच. महिन्याभरात दोनशेवरून पाचशेवर! म्हणाला, ही तर वाढती मागणी आहे. बाजार आहे इथे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्यामुळे पट्टी येतेय, आपल्या भाषेत. पण फक्त नव्या फोनवर. दोन मे रोजी मंचावरून जाहीर करणार, नवा शोध म्हणून. ‘पहिल्यांदाच’ हा शब्द मी स्वतः भिंतीवर लिहिलेला वाचला. तुमच्या तीनशे तीन जणांच्या जुन्या फोनवर पुढची आवृत्ती आपोआप चढेल आणि पट्टी जाईल. मी विचारलं, जुन्या फोनवरही ठेवू या ना. तर म्हणाले, त्यात ते बसत नाही. सहा वर्षं बसत होतं! मी हे मोठ्याने म्हणाले नाही. तुम्ही फोरमनसमोर तीनदा चुकलो म्हणालात, आणि मला एकदा ‘खोटं आहे’ म्हणता आलं नाही. मला माझी किळस आली, पण राजीनामा द्यावा इतकी नाही आली. हेही लिहून टाकते.

मामीकडे नवा फोन आहे. दोन मेला तिची पट्टी येईल. निदान तेवढं झालं असं म्हणा.

खुडबुडी


५ मे

खुडबुडी,

म्हणणार नाही.

तो सोहळा मी दुकानात बसून बघितला. तुमचा साहेब जाकीट घालून फिरला. मग एक म्हातारी दाखवली, केस कापसासारखे, अंगावर एक सुरकुती नाही. तिच्या समोर नातवंड काहीतरी बोलतं, पडद्यावर अक्षरं उमटतात आणि ती रडते. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. ही बाई आयुष्यात कधी बहिरी नव्हती हे मी पैजेवर सांगतो. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही तिने. आणि मागे अक्षरं केवढी मोठी, ‘जगात पहिल्यांदाच’. माझ्या दुकानात फोरमन बसला होता. त्याच्या फोनवरची पट्टी आदल्याच दिवशी गेली होती. तो मला विचारत होता, काय म्हणतायत रे? मी त्याला काय लिहून देऊ?

मी तीनशे तीन घरांत जाऊन नाक घासलं, ते तुमचा बाजार मोजायला. आता त्या माणसांना तुमच्या जाहिराती येतायत, नवा फोन घ्या म्हणून. बरोबर त्यांनाच! आमच्या गल्लीत बाकी कोणाला येत नाहीत.

तेव्हा तुला कळवतो की तुझा डबा कपाटावर आहे आणि तिथेच राहील. आमच्या घरात तो उघडणार नाही. तीनशे माणसांची पट्टी काढून घेतलीत आणि एकटीला देताय, ती आम्ही घेणार नाही. तत्त्व म्हणून काही असतं की नाही? मामीलाही मी चिठ्ठीत हे सगळं लिहून दिलं. तिने मान हलवली. तिचीही तयारी आहे.

मामा


२४ मे

हे पत्र दोघांना. एक प्रत पोस्टात टाकली, एक दुकानाच्या टेबलावर भिंगाखाली ठेवली आहे.

मी डबा तीन मेलाच उघडला. तुम्ही सोहळा बघून दुसऱ्या दिवशी तरातरा सुटे भाग आणायला गेलात तेव्हा. स्टूल घेतलं, कपाटावरून काढला, पडद्यावर येईल ते वाचत गेले. दीड तास लागला. माझे कान गेलेत, डोळे नाही आणि डोकंही नाही. तत्त्वाची ती चिठ्ठी तुम्ही पाच तारखेला दिलीत. तेव्हा फोन चालू होता, चिंध्यांच्या ढिगात, पडदा माझ्याकडे करून. मी मान हलवली. तुम्हाला तेवढीच हवी असते.

वीस दिवस मी वाचते आहे. पहिल्या दिवशी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दारातली पोरं भांडत होती, ते सगळं उमटलं. मग गिऱ्हाइकं यायला लागली. ती माझ्यासमोर उभी राहून तुमच्याशी बोलतात. परवा ती पडदेवाली बाई आली आणि माझ्याकडे वळून काही विचारणार तर तुम्ही म्हणालात, “तिला विचारून उपयोग नाही, मला सांगा. हिला काय कळतंय, मान हलवते झालं.” मी कात्री चालवत होते. तीन महिन्यांत तुम्हाला सवय झाली, मी खोलीत नसल्याची. मी बत्तीस वर्षं कपडे शिवते आहे. तुमच्या दुकानाच्या आधीपासून.

खुडबुडी, रविवारी तुझा फोन आला. मामांनी तो स्पीकरवर माझ्या मशीनवरच ठेवला, स्वतःचं काम करता करता. नेहमीची खुशाली झाली. मग ते तुला म्हणाले की ही अजून गप्प आहे. तू म्हणालीस, “मामीला होईल सवय. मला इथे नोकरी करायची आहे, मामा, किती दिवस तेच तेच बोलणार?” मी ते दोनदा वाचलं, मग ते वर सरकून गेलं. तुला मी टाके घालायला शिकवलं तेव्हा तू चुकलीस की मी उसवायला लावायचे, तू रडायचीस. मी तुला तेव्हा सवय होईल असं म्हटलं नाही. बाजूला बसून दाखवत राहिले. मला फार वाईट वाटलं.

मी तुझ्यावर रागावले म्हणून गप्प होते असं मामांनी तुला लिहिलं. रागावले होते, पण ते तुमच्या दोघांवर. एकाने माझ्या फोनमधलं बटण बंद केलं, मला न विचारता. दुसरीने पट्टी काढली, मला न विचारता. मग एक तत्त्वासाठी पट्टी नको म्हणाला, तेही मला न विचारता. तुम्ही दोघं पाच महिने माझ्या कानांवरून एकमेकांना पत्रं लिहिता आहात, आणि मी त्याच घरात बसून शिवते आहे. त्या साहेबाला मी ओळखत नाही, त्याच्यावर काय रागावू? तो परकाच आहे.

माहिती पाठवायचं ते बटण मी चालू ठेवलं की बंद, ते दोघांनाही सांगणार नाही. फोन माझा आहे.

फोरमन आणि कारखान्यातले दोघं रोज संध्याकाळी पाचला, तुम्ही चहाला निघालात की, माझ्याकडे येतात. त्यांच्या मुलांचे फोन यायची ती वेळ आहे. मुलगा तिकडून बोलतो, मी माझा फोन शेजारी धरते, ते वाचतात आणि उत्तर देतात. गेल्या आठवड्यात एकाची सून बाळंत झाली ते असं कळलं. तुम्हाला वाटतं ते विजारी आखूड करायला येतात. एका माणसाकडे किती विजारी असतात हो? सोमवारपासून आणखी चौघं येणार आहेत, तेव्हा तुमच्या डब्यांचं एक कपाट मला रिकामं लागेल, बाक ठेवायला. खुडबुडी, तुझ्या त्या खोलीत हे सांग. नाही सांगितलंस तरी मला कळेल.

आणि शाळेचं काम मी परत आणलं. मीच जाऊन त्या कारकुनाशी बोलले. यापुढे माझी कामं मी घेईन.

शेवटचं. पुढच्या वेळी माझ्याबद्दल बोलायचं असेल तर फोनकडे तोंड करून जरा सावकाश बोला, आणि एका वेळी एकानेच. दोघं एकदम बोललात की नीट उमटत नाही.

मामी